पाच वर्षांच्या लॅपटॉपच्या पोटात

पाच वर्षं रोज वापरलेल्या लॅपटॉपचा तळ उघडून पंखा बाजूला केला, की त्याच्या मागे करड्या रंगाची एक पट्टी दिसते. चिमट्याने टोक धरून ओढली तर अख्खी निघते, घोंगडीच्या तुकड्यासारखी. गादीचा कापूस, केस, उदबत्तीची राख, फोडणीच्या धुरातलं तेल, सगळं तिच्यात वळलेलं असतं. बाहेरून जाळीत डोकावलं तर यातलं काही दिसत नाही, कारण ही धूळ बाहेरच्या जाळीपाशी अडकत नाही. ती पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पातळ पत्र्यांच्या मधोमध बसते, आणि त्या पत्र्यांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची असते.

‘लॅपटॉप म्हातारा झाला, फार हळू चालतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा याच पट्टीत असतं. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, झिजून मंद होत नाही. पहिल्या दिवशीचा वेग त्याला सहाव्या वर्षीही गाठता येतो, पण थंड राहिला तरच. लॅपटॉपच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण 95 ते 105 अंश सेल्सिअस असते. ती जवळ आली की तो जळण्याऐवजी आपणहून वेग कमी करतो.

उष्णता बाहेर कशी जाते ते पाहिलं की धुळीचा त्रास समजतो. चिपवर तांब्याची चपटी, बंद नळी दाबून बसवलेली असते. आतली हवा काढून तिच्यात थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते पाणी चिपच्या टोकाला सहज उकळतं, वाफ पत्र्यांच्या टोकाला जाऊन थंड होते आणि पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत झिरपतं. या नळीला हलणारा भाग नाही, त्यामुळे ती सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तिच्या पुढचं काम, म्हणजे पत्र्यांमधून हवा जाणं.

यात खोलीच्या तापमानाचा वाटा सरळ बेरजेचा आहे. एखादं काम करताना चिप खोलीपेक्षा 55 अंशांनी जास्त तापत असेल, तर 25 अंशांच्या खोलीत ती 80 वर राहील. मे महिन्यात अकोल्यात खोली 42 अंशांवर असताना तेच काम तिला 97 वर नेईल. त्यात धुळीची पट्टी असली की उन्हाळ्यात व्हिडिओ कॉल अडखळणारच. लॅपटॉपखाली ठेवायचे पंखेवाले स्टँड या पट्टीला काही करू शकत नाहीत. त्यांचा उपयोग मुख्यतः तळ गादीपासून उचलला जाण्याचा, आणि ते काम दोन जाड पुस्तकंही करतात. फक्त तळाची भोकं मोकळी राहायला हवीत.

खात्री करायची तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जावं. तिथे प्रोसेसरचा चालू वेग आणि खाली त्याचा बेस स्पीड, म्हणजे कंपनीने ठरवलेला मूळ वेग, दिसतो. जड काम चालू असताना, चार्जर लावलेला असूनही, चालू वेग बेस स्पीडच्या खाली येऊन तिथेच रेंगाळत असेल, तर दोष उष्णतेचा किंवा वीजपुरवठ्याचा आहे. नवी रॅम टाकून तो जाणार नाही.

साफसफाईची पहिली पायरी बॅटरीचा कनेक्टर काढून ठेवण्याची. लॅपटॉप बंद असला तरी मदरबोर्डाच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, काही भागांत वीज खेळत असते. तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावावा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो दुसऱ्या बाजूने कीबोर्डाच्या कडेला डोकं वर काढतो. धूळ फुंकताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवावं. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बेअरिंगवर ताण येतो, शिवाय फिरणारी मोटर जनित्रासारखी वीज तयार करून उलट बोर्डात पाठवते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर इथे नको, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज साठते.

एवढं करूनही तापमान उतरलं नाही तरच थर्मल पेस्टकडे वळावं. चिप आणि तांबं यांच्यातल्या बारीक खळग्यांत हवा राहू नये म्हणून ही पेस्ट असते. वारंवार तापून-निवून ती कडांकडे सरकते, तेल सुटून कोरडी पडते. तांब्याचा भाग काढताना स्क्रूंशेजारी कोरलेले आकडे पाहावेत. बसवताना त्याच क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. आकडे नसतील तर समोरासमोरचे स्क्रू तिरके घ्यावेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवीचा तुरीच्या डाळीएवढा ठिपका पुरे. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, म्हणून पेस्ट चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पसरली पाहिजे. शेजारी रबरासारख्या मऊ पट्ट्या असतील तर त्यांच्या जागी पेस्ट भरू नये. तिथली फट पेस्टने भरण्याइतकी बारीक नसते. हे दर वर्षी करायची गरज नाही; विनाकारण उघडण्यात नाजूक कनेक्टरच जास्त तुटतात.

खरोखर म्हातारी होते ती बॅटरी, आणि तिचं वय दोन घड्याळांवर चालतं. एक घड्याळ चार्जिंगच्या फेऱ्यांचं. 50 टक्के वापरून भरली आणि पुन्हा 50 वापरली की एक फेरी मोजली जाते. दुसरं घड्याळ कॅलेंडरचं, आणि तेच लोकांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉपची बॅटरी ज्या लिथियम-आयन सेलांची बनते, त्यांत ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर जमतो. तो लागतोच, पण पुढे सावकाश वाढत राहतो आणि प्रत्येक वाढीत थोडं लिथियम कायमचं अडकतं. सेल जितका भरलेला आणि जितका गरम, तितकी ही वाढ जलद. कायम चार्जरला लावून 100 टक्क्यांवर ठेवलेला, आतून तापणारा लॅपटॉप फेऱ्या कमी असूनही बॅटरी खातो, तो यामुळे. पूर्ण भरलेला साधा सेल 4.2 व्होल्टवर असतो. 80 टक्क्यांना तो सुमारे 4 व्होल्टवर उतरतो, आणि एवढ्या फरकानेही आयुष्य बरंच वाढतं. बऱ्याच लॅपटॉपांत 80 टक्क्यांना चार्जिंग थांबवायची सोय बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते. टेबलावरच चालणाऱ्या लॅपटॉपला ती लावून टाकावी. महिनाभर बंद ठेवायचा असेल तर निम्मा भरून ठेवावा.

बॅटरी किती उरली हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ असं टाइप केलं की अहवालाची फाइल तयार होते. तीत डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची क्षमता) हे दोन आकडे शोधावेत. समजा पहिला 50 वॅट-अवर आणि दुसरा 32 आहे; म्हणजे 64 टक्के क्षमता उरली. साध्या कामाला 8 वॅट लागत असतील तर सहा तासांवरून चारच तास.

क्षमता घटली तर वेळ कमी होतो, एवढंच. पण 25 टक्के दिसत असताना लॅपटॉप पटकन बंद पडत असेल, तर बहुधा सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढला आहे. जड काम सुरू होताच जास्त प्रवाह ओढला जातो, व्होल्टेज खाली बसतं, आणि मालिकेतला सर्वांत अशक्त सेल सुरक्षित मर्यादेखाली गेला की संरक्षक सर्किट वीज तोडतं. पूर्ण उतरवून पुन्हा भरणं हा त्यावर उपाय म्हणून सांगितला जातो. त्याने टक्केवारी मोजणारा काटा दुरुस्त होतो, सेल नव्हे.

टचपॅडची क्लिक दबेनाशी झाली, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला, तर टचपॅडला दोष देण्याआधी बॅटरी पाहावी. आतलं द्रावण विघटित होऊन वायू धरला की सेलची पिशवी फुगते आणि वरच्या भागाला ढकलते. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, आणि वायू काढायला टोचण्याचा विचार तर मुळीच नको. आतलं लिथियम आणि ज्वलनशील द्रावण पेट घेतं. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. भारतातल्या 2022च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवावं, आणि उत्पादनाची तारीखही बघावी. कॅलेंडरचं घड्याळ दुकानाच्या कपाटातही चालूच असतं.

चार्जरबद्दल थोडक्यात: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. 65 वॅटच्या बऱ्याच चार्जरवर 19.5 व्होल्ट, 3.33 अँपियर लिहिलेलं असतं. काही गोल पिनांच्या मधोमध एक बारीक तार असते. तिच्यातून चार्जर आपली ओळख सांगतो. ती वाकली की लॅपटॉप चालतो पण चार्ज होत नाही आणि वेगही पाडून ठेवतो. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुधा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये लावलेला असतो.

एसएसडीच्या (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या) झिजण्याची काळजी घरगुती वापरात करू नये. 500 जीबीच्या बऱ्याच एसएसडींना 300 टेराबाइटपर्यंत लेखनाची हमी असते. रोज 20 जीबी लिहिले तर वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात. तिला त्रास होतो तो काठोकाठ भरण्याने, म्हणून सहावा भाग तरी मोकळा ठेवावा. जुन्या लॅपटॉपात अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर पैसे आधी तिच्या जागी एसएसडी बसवण्यात घालावेत, रॅमवर नंतर.

उरली बिजागरी. पडद्याची धातूची बिजागरी प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांवर पेललेली असते. वर्षानुवर्षांनी ती घट्ट होते, आणि पडदा एका कोपऱ्याने उचलला की सगळा पीळ एकाच बाजूच्या प्लास्टिकवर येतो. आधी कडेची फट किंचित उघडते, मग ‘कट्’ असा आवाज येतो. त्या टप्प्यावर तळ उघडून बिजागरीचा नट पाव फेरा सैल केला तर खोकं वाचतं. पडद्याची केबलही तिथूनच जाते. उशीर झाला तर तीही चिरडते आणि बिजागरीच्या दुरुस्तीत पडद्याचा खर्च येऊन बसतो.