पांढऱ्या रेषेबाहेरचा ट्रक सुरक्षित नसतो

बडोद्यातल्या मराठी घरांत लग्नसराईत रात्री सुरत-मुंबईकडे गाडी काढली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'ट्रक साइडला घेतलाय, पांढऱ्या रेषेबाहेर आहे, कुणाला त्रास नाही.' हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं जातात.

मुळात ट्रक रेषेबाहेर मावतोच असं नाही. त्याची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, तर अनेक चौपदरी महामार्गांवर पक्की साइडपट्टी दीड मीटरचीच आहे. उरलेला ट्रक आपल्या लेनमध्ये येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. पुढचे दिवे उभ्या ट्रकचे आहेत की चालत्या, हे अंधारात लवकर उमगत नाही. उमगेपर्यंतच दोन सेकंद, म्हणजे ५५ मीटर गेलेले असतात; ब्रेक त्यानंतर लागतो. शिवाय ट्रकचा मागचा भाग उंच. बॉनेट खाली शिरतं आणि आघात थेट काचेवर, डोक्याच्या उंचीवर बसतो. तिथे एअरबॅगचाही भरवसा नाही.

सगळा दोष ट्रकचालकाचा, असं मात्र मी म्हणणार नाही. झोप अनावर झालेल्या माणसाला हक्काचा ट्रक-थांबा जवळ हवाच. पण चहासाठी साइडपट्टीवर थांबणं अक्षम्य आहे. धोकादायक जागी वाहन उभं ठेवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ने मनाई आहे.

तुमची गाडी बंद पडली तर धोक्याचे दिवे लावा, चमकणारा इशारा-त्रिकोण बराच मागे ठेवा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि राष्ट्रीय महामार्गांच्या मदतक्रमांकाला, १०३३ला, फोन करा.