बेघर स्त्रियांसाठीचे काम, नाशिक

नाशिक शहरातील घाट, बसस्थानके, रेल्वेस्थानक आणि देवळांच्या आवारात राहणाऱ्या एकट्या स्त्रियांशी ओळख करून घेणे, त्यांना निवारा, औषधोपचार व कागदपत्रे मिळवून देणे आणि त्यांची इच्छा असेल तर कुटुंबाचा शोध घेणे, असे या कामाचे ढोबळ स्वरूप आहे. महापालिका, पोलीस, जिल्हा रुग्णालय, राज्याचा महिला व बालविकास विभाग आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांचा त्यात वाटा असतो.

संज्ञा : ‘बेघर’ हा शब्द प्रशासनाचा व जनगणनेचा; बोलण्यात तो क्वचितच येतो. घाटावरची बाई ‘घरच्यांनी टाकलं’ किंवा ‘मी गंगेवर असते’ असे सांगते (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). येणारे-जाणारे तिला भिकारीण म्हणतात किंवा वेडी, आणि या दोन शब्दांनी ती दोन निरनिराळ्या कायद्यांच्या हाती जाते. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ नुसार उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसू शकते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवले जाऊ शकते. उलट मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे आजारी अवस्थेत भटकणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचे असते आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे असते. तिला कोठडीत ठेवता येत नाही, आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य ठरते. एकाच पायरीवर बसलेली एकच स्त्री. तिच्यापाशी आधी कोण पोहोचले यावर तिची पुढची वर्षे ठरतात.

‘निराधार’ ही संज्ञा मुख्यतः अनुदानाशी जोडलेली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ‘परित्यक्ता’ या शब्दाला मात्र चळवळीचा इतिहास आहे : नाशिकच्या शेजारच्या संगमनेर येथे १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद झाली आणि ‘टाकलेली’ म्हणून कुजबुजीत उल्लेखिल्या जाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न निवारा, पोटगी व शिधापत्रिका यांच्या हक्काचा प्रश्न म्हणून मांडला गेला. घाटावरच्या अनेकींची वाट या शब्दापासूनच सुरू होते. आधी सासर सुटते, मग भावाच्या घरातली जागा आक्रसते, मग एखाद्या तीर्थाची गाडी.

गणना : जनगणनेत ‘जनगणना घर’ म्हणजे छप्पर असलेली वास्तू नसणाऱ्यांना बेघर धरतात. त्यात पदपथ, मोठे पाइप, जिने, मंडप, फलाट, देवळांच्या ओसऱ्या येथे झोपणारे येतात. २००१ मध्ये देशात असे १९.४३ लाख व २०११ मध्ये १७.७३ लाख लोक मोजले गेले. २०११ मध्ये महाराष्ट्राचा आकडा सुमारे २.११ लाख, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल होता. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. नाशिकपुरते पाहता ही तारीख अडचणीची आहे. फेब्रुवारीअखेर द्राक्षांची काढणी ऐन भरात असते आणि पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून आलेली आदिवासी मजूर कुटुंबे बागांच्या कडेला व शहराच्या वेशीवर उघड्यावर उतरलेली असतात. त्यांना बेघर म्हणावे काय, यावर दोन मते आहेत. गावी घर आहे म्हणून वगळावे, असे एक. वर्षातले कित्येक महिने निवारा नाही म्हणून धरावे, असे दुसरे. निवाऱ्याचे नियोजन रात्रीच्या गरजेवर करायचे असल्याने दुसरे मत अधिक उपयोगाचे वाटते, पण ते स्वीकारताना एकट्या स्त्रीचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. ती मजुरांच्या आकड्यात बुडून जाते. शिवाय मोजणी रात्री होते, आणि एकटी बाई रात्री कोणाच्या नजरेस पडणार नाही अशीच जागा धरते. त्यामुळे स्त्रियांचा कोणताही आकडा किमान समजावा. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे आणि तो २०२६–२८ च्या सिंहस्थ काळातच येतो.

पूर्वपीठिका : या कामाचे मूळ कोठे धरायचे याविषयी एकमत नाही. एक परंपरा धर्मशाळा व अन्नछत्रांची. क्षेत्राच्या ठिकाणी आलेल्याला अन्न व आसरा देणे हे पुण्यकर्म मानले गेले, आणि विसाव्या शतकात गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी यांच्याप्रमाणे नाशिकलाही गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारली. धर्मशाळेत यात्रेकरू येतो, काही रात्री राहतो आणि निघून जातो. तेथे पूर्वायुष्याची चौकशी सहसा होत नाही.

दुसरी परंपरा एकोणिसाव्या शतकातील आश्रयगृहांची. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, पंढरपूरचे १८७५ च्या सुमाराचे तशाच प्रकारचे गृह, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) व नंतरचे केडगावचे मुक्तिसदन, आणि धोंडो केशव कर्वे यांचा १८९६ चा आश्रम ही तिची प्रमुख ठाणी. खुद्द नाशिकमध्ये १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूरचा उल्लेख करायला हवा. गावाच्या नावातच आसरा आहे. तेथे धर्मांतरितांबरोबर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेमुली ठेवली जात व त्यांना हुन्नर शिकवला जाई. आफ्रिकेत फिरलेला प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे पार्थिव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट येथेच शिकला होता. १८७५ च्या आसपास या आफ्रिकी वसाहतीतील बरेच जण पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला गेले. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना नावामागची ही हकीकत ठाऊक असते.

काही लेखक शरणपूरला नाशिकमधील आश्रयकार्याचा आरंभ मानतात. मात्र तेथील रहिवासी मिशनच्या व्यवस्थेखाली एकत्र वसवलेले होते. रस्त्यावरच्या एकट्या स्त्रीपर्यंत ते काम जात नव्हते. स्त्रीचे नाव विचारणारी, तिला काही वर्षे ठेवून घेणारी आणि हातात काम देणारी संस्था या अर्थाने आजच्या स्त्री-निवाऱ्याचा वंश फुले-रमाबाई-कर्वे यांच्या गृहांकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. न विचारता जेवू घालण्याची धर्मशाळेची रीत मात्र घाटावरच्या पहिल्या भेटीत अजूनही जास्त कामी येते.

व्यवस्था : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनी मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही व चोवीस तास चालणारा निवारा हे प्रमाण घालून दिले. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. नाशिकची २०११ ची लोकसंख्या १४.८६ लाख धरता हा हिशेब चौदा-पंधरा निवाऱ्यांचा होतो. स्त्रियांसाठी स्वतंत्र निवारे हे योजनेतच अपेक्षित आहे. दीर्घ मुक्कामासाठी आधी स्वाधारगृह ही योजना होती व आता शक्ती सदन आहे. स्वाधारगृहाच्या नियमांत मुलगी १८ वर्षांपर्यंत आईजवळ राहू शके, मुलगा ८ वर्षांपर्यंतच. रस्त्यावर नऊ-दहा वर्षांच्या मुलासह राहणारी आई अशा गृहाच्या दारातून परत फिरे तेव्हा तिला ‘सुधारायचे नाही’ असे म्हटले जाई. तिचे कारण पुष्कळदा हा एवढाच आकडा असे.

अडचणी : सर्वांत मोठी अडचण विश्वासाची. या स्त्रिया रात्री जाग्या राहतात आणि उजाडल्यावर, वर्दळ वाढली की, निर्धास्त झोपतात. त्याला आळस समजले जाते. अंगावर चार लुगडी चढवणे, केस मळू देणे, वास येऊ देणे हेही अनेकदा संरक्षणच असते. म्हणून ‘आधी आंघोळ’ असा आग्रह धरणाऱ्या नवख्या कार्यकर्तीचे पहिले भांडण तेथेच होते. दुसरे भांडण बोचक्यावरून. त्यात चिंध्या दिसल्या तरी लग्नाचा फोटो, एखादे जुने कार्ड, लेकराचे झबले असू शकते. तिच्या देखत, तिच्या हातानेच ते उघडू द्यावे लागते. उवा फार झाल्या की डोके भादरणे सोपे, पण वयस्क विधवेला वस्तरा दिसताच केशवपनाची आठवण होते. फणी, औषध आणि चार-पाच बैठका हा लांबचा रस्ता धरावा. जखमेत अळ्या, खरूज, रक्तक्षय, क्षय ही नेहमीची दुखणी होत.

मनोरुग्ण स्त्रियांच्या बाबतीत अंतराचा प्रश्न येतो. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नाशिकला त्यांतले ठाणे जवळ. अहिल्यानगरजवळ माउली सेवा प्रतिष्ठान आणि रायगड जिल्ह्यातील कर्जतला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन अशा रुग्णांसाठी काम करतात. श्रद्धाचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाट बुडतो. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ हे अलीकडचे मोठे पूर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागले यावर शहर पुराचे माप घेते. घाटावरच्या बाईचे माप बोचके वाचले की गेले हे असते. सिंहस्थात आणखी एक कोडे पडते. पर्वण्या उलटल्यावर मागे राहिलेल्या वृद्धा चुकलेल्या की सोडलेल्या? घरचे मुद्दाम सोडून जातात असे सर्रास बोलले जाते. प्रत्येकीला तसे गृहीत धरणे अन्यायाचे होईल. खरोखर चुकलेल्या, गावाचे नाव नीट न सांगता येणाऱ्या बायकाही असतात, आणि सोडलेली बाई पुष्कळदा आपण चुकलो असेच सांगते. लेकाची लाज ती झाकत असते.

कामाचे मोल : नाशिक रोड हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे स्थानक असल्याने बंगाली, भोजपुरी, तेलुगू बोलणाऱ्या स्त्रियाही येथे उतरतात. गावाचे नाव आठवत नसेल तर बाजाराचा वार, नदी, ग्रामदेवी, सणाला काय शिजायचे, असे विचारत जावे लागते. एखाद्या दिवशी ओवी ओठांवर येते आणि तिच्यातून माहेर कळते. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालते, आणि बोटांचे ठसे आधीच्या नोंदीशी जुळल्याने घर सापडल्याची उदाहरणे राज्यात घडली आहेत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत आडनाव व गावानुसार पिढ्यांच्या नोंदी असतात. ज्यांच्या घरचे कधी येथे आले होते त्यांच्यासाठी त्याही धुंडाळण्याजोग्या आहेत. घर सापडले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. औषध चालू राहिले नाही, किंवा ज्या मारहाणीमुळे ती निघाली तीच पुन्हा वाट्याला आली, तर काही महिन्यांत ती पुन्हा फलाटावर दिसते. म्हणून परत जायचे की नाही हे तिने ठरवायचे, पाठवणाऱ्याने नव्हे.

या कामातल्या बायकांना समाधान कशाने मिळते, तर बहुधा अगदी लहान गोष्टींनी. अनेक महिने पाठ फिरवणारी आजी एके दिवशी ‘चहा घेतलास का’ असे विचारते. दुसरी पहिल्यांदा रात्रभर झोपते. तिसरी आपले नाव सांगते, आणि ते घाटावर सगळे ज्या नावाने हाक मारत त्याहून वेगळे निघते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मृत्यूच्या वेळी विशेष कळते. रामकुंडावर दूरदूरच्या लोकांच्या अस्थी येतात. त्याच्या पायऱ्यांवर राहिलेल्या स्त्रीचा देह बेवारस म्हणून पोलिसांकडे जातो. तिला ओळखणारे कोणी रुग्णालयात पोहोचले, तर पंचनाम्यात ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे’ याच्या जागी तिचे नाव लिहिले जाते.