आयआरमध्ये (औद्योगिक संबंध, म्हणजे कामगार-कंपनी संबंधांचा विषय) पीजी करायला आधी एलएलबी लागत नाही बरं का

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या पोरांना हमखास ऐकवतात, "आधी एलएलबी कर, नाहीतर कामगारांच्या भांडणात तुले कोण विचारते?" साफ चुकीचं आहे हे. पीजीला कोणत्याही शाखेचे ग्रॅज्युएट जातात. आणि 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम 36 बघा, समेटाच्या बोलणीत वकिलाला बसताच येत नव्हतं, तिथं युनियनचा पदाधिकारी नि कंपनीचा माणूस समोरासमोर, लेबर कोर्टातही वकील आणायचा तर समोरच्या पार्टीची संमती आणि कोर्टाची परवानगी दोन्ही लागायच्या. त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच ठेवलंय, फक्त लेबर कोर्टाऐवजी आता ट्रिब्युनल आहे. मागणीपत्रक, वेतनकरार, डोमेस्टिक एन्क्वायरी (कामगारावरच्या आरोपांची कंपनीतली चौकशी) हे पीजीलाच शिकवतात (लेबर लॉचे पेपर असतातच, सुटका नाही). एलएलबी जमली तर नंतर करा की.