दिव्यांग विद्यार्थ्यांनो, नोकरीची कागदपत्रं दुसऱ्या वर्षातच हातात घ्या

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर ही माहिती आत्ताच वाचा. पदवीच्या निकालानंतर धावपळ सुरू केली, तर पहिलं वर्ष कागद गोळा करण्यातच जातं, कारण हे कागद एकमेकांवर अडून आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र, नसेल तर कौशल्य प्रशिक्षणाची नोंदणी अडते, आणि नोंदणी नसेल तर रोजगार मेळाव्याची खबरही वेळेवर लागत नाही. अहेरी, धारणी किंवा झरी-जामणीहून जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे घरातल्या एकाची मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो. म्हणून एका खेपेत जास्तीत जास्त कामं कशी होतील, ते डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे.

पहिलं काम: यूडीआयडी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. नोकरीतलं आरक्षण आणि बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के लागतात. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज स्वतः मोबाइलवरून भरता येतो, नाहीतर गावातल्या सेवा केंद्रावरून. अर्जासाठी आधार कार्ड आणि सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. ते निवडताना तुमच्या तपासणीची सोय तिथे आहे का, याची चौकशी आधी करा. कानाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, जिल्हा रुग्णालयात बहुधा होते, पण बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ती तपासणी) सांगितली तर अनेकदा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात, म्हणजे आणखी एक खेप. तपासणीचा वार ठरलेला असतो. तो विचारूनच घरून निघा.

जुने उपचाराचे कागद, ऑपरेशनची फाइल, एक्स-रे, चष्म्याचा नंबर, सगळं सोबत न्या. डॉक्टरसमोर बसल्यावर "लहानपणापासून असंच आहे" एवढं सांगून भागत नाही. 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत धरली आहे आणि कार्डं तीन रंगांची झाली आहेत: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 79 ला पिवळं, 80 आणि त्यावर निळं. टक्केवारी कमी लागली असं वाटलं तर प्रमाणपत्राच्या तारखेपासून 90 दिवसांत अपील करता येतं. ही मुदत बऱ्याच जणांना कळते तेव्हा ती उलटून गेलेली असते.

आता नावाची गोष्ट. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव "पांडुरंग" आणि आधारवर "पांडूरंग", किंवा आडनाव एकीकडे आधी आणि दुसरीकडे शेवटी. भरतीच्या कागदपत्र पडताळणीत अशा एका वेलांटी-उकारावरून माणूस दिवसभर अडकतो. आधी आधार दहावीच्या सनदेप्रमाणे करून घ्या, मग यूडीआयडीचा अर्ज भरा. उलट केलं तर दोन्ही कागद पुन्हा दुरुस्त करावे लागतात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवा. भरतीच्या वेळी मुदत संपलेलं प्रमाणपत्र धरत नाहीत.

सिकलसेल असलेल्यांसाठी वेगळं

आपल्या भागात हे बोलायलाच हवं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण घरोघरी दिसतात, आणि हा आजार 21 प्रकारांमध्ये आहे, हे कित्येक विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. तुमचा अहवाल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असल्याचा, असेल तर प्रमाणपत्रासाठी जरूर अर्ज करा. एएस म्हणजे फक्त वाहक असाल, तर मिळत नाही.

पण प्रमाणपत्र मिळालं म्हणून काय काय मिळतं, ते नीट समजून घ्या. उच्च शिक्षणाच्या प्रवेशातलं 5 टक्के आरक्षण सिकलसेललाही आहे. सरकारी नोकरीतलं 4 टक्के मात्र कायद्याने ठरावीक गटांनाच आहे: अंध व अल्पदृष्टी 1 टक्का, बहिरेपणा व कमी ऐकू येणं 1 टक्का, अस्थिव्यंग (यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, ठेंगणेपण, ॲसिड हल्ला, स्नायू कमजोर होत जाणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी) 1 टक्का, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता मिळून 1 टक्का. रक्ताचे आजार या यादीत नाहीत. मला हा कायद्यातला मोठा अन्याय वाटतो. विदर्भातल्या लोकप्रतिनिधींनी यावर बोलायला पाहिजे. तोवर एक लक्षात ठेवा: सिकलसेलमुळे खुब्याचा सांधा खराब झाला असेल, चालताना लंगडावं लागत असेल, तर ते अस्थिव्यंग म्हणून तपासायला डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि खुब्याचा एक्स-रे दाखवा.

नोंदणी

यूडीआयडी आल्यावर तीन ठिकाणी नाव घाला. राज्याचं महास्वयम पोर्टल, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, आणि दिव्यांगांसाठीचं पीएम-दक्ष. तिन्हीकडे फी लागत नाही. कोणी "रजिस्ट्रेशनचे पाचशे" मागितले तर देऊ नका. महास्वयमवर दिव्यांग प्रकाराचा रकाना भरायला विसरू नका. तो रिकामा राहिला तर दिव्यांगांसाठीच्या जागा शोधणाऱ्या मालकाच्या यादीत तुमचं नाव येत नाही. पीएम-दक्षवर यूडीआयडी क्रमांकानेच नोंदणी होते. प्रशिक्षण आणि नोकऱ्या, दोन्ही तिथे दिसतात. मोबाइल नंबर मात्र स्वतःचा द्या. भावाचा किंवा सेवा केंद्रवाल्याचा दिला की मुलाखतीचा मेसेज भलत्याच माणसाला जातो.

मेळावा आणि मालक

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे होत असतात, बऱ्याचदा पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाने. महास्वयमवर आधी जागा पाहून अर्ज टाकता येतो. तो टाकूनच जा. सांकेतिक भाषेचा दुभाषी, तळमजल्यावर टेबल किंवा व्हीलचेअर लागणार असेल तर आठवडाभर आधी केंद्राला लेखी कळवा. हे पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने गेलं तर वजन पडतं, आणि प्राध्यापकांनी ते स्वतःहून द्यायला हवं. विद्यार्थ्याला तीन वेळा मागायला लावू नये. एसटीत 40 टक्क्यांवरच्या दिव्यांगांना साध्या बसला 75 टक्के सवलत आहे. कार्ड खिशात ठेवा.

फाइलमध्ये यूडीआयडी व दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, दहावी-बारावीच्या सनदा, कॉलेजचं बोनाफाईड, एमएस-सीआयटी असल्यास ते, रहिवासी दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स घ्या. मूळ प्रती कोणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका.

टेबलापलीकडचा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न मनात धरून असतो: याच्याकडून हे काम कसं होईल? तो विचारायला संकोचतो आणि "कळवू" म्हणून बोळवण करतो. म्हणून उत्तर आधीच कागदावर न्या, अर्ध्या पानाचं. उदाहरणार्थ, कमी ऐकू येणारी बी.कॉम.ची मुलगी असं लिहील:

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे. समोर बसून बोललं तर सगळं समजतं. फोनऐवजी मेसेज किंवा ईमेल चालेल. टॅलीवर नोंदी, जीएसटीची बिलं आणि एक्सेल मी रोज करते. बसायला भिंतीकडची जागा मिळाली तर बरं होईल."

यात दया मागितलेली नाही. काम काय येतं आणि सोय काय लागते, एवढंच आहे. दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्याने एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) आपण वापरतो, हे लिहावं, शक्य असेल तर तिथेच लॅपटॉपवर करून दाखवावं. बघितलेलं काम सांगितलेल्या कामापेक्षा जास्त पटतं. अशी चिठ्ठी कॉलेजात चार मित्रांसमोर आणि एखाद्या अनोळखी सरांसमोर वाचून बघा. अडखळाल तिथे वाक्य सोपं करा.

बुटीबोरी, मिहान किंवा नांदगाव पेठच्या कंपन्यांत दिव्यांगांना आरक्षण नाही, हे खरं. पण 20 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं, दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी द्यायची आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा, असं दिव्यांग हक्क कायद्याचे 2017 चे नियम सांगतात. मुलाखतीच्या आधी "तुमचे संपर्क अधिकारी कोण?" हा एक प्रश्न नम्रपणे विचारा.

सरकारी भरतीची जाहिरात वाचताना पदापुढची इंग्रजी अक्षरं बघा: ओए म्हणजे एक हात, ओएल एक पाय, बीएल दोन्ही पाय, एलव्ही अल्पदृष्टी, एचएच कमी ऐकू येणं. तुमचा प्रकार त्यात नसेल तर त्या पदाच्या राखीव जागेवर दावा करता येत नाही. वयाची मर्यादा राज्यात दिव्यांगांना 45 वर्षांपर्यंत आहे, केंद्रात 10 वर्षांची सूट आहे. यूपीएससी आणि एसएससीला फी नाही.

लेखनिक, म्हणजे परीक्षेत तुम्ही सांगाल ते लिहिणारा माणूस, हवा असेल तर परीक्षेच्या अर्जातच "हो" लिहा. दृष्टी नसणं, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी यांना मागितल्यावर मिळतो. इतरांना हाताने लिहिता येत नाही असं जिल्हा शल्य चिकित्सकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक घेतला नाही तरीही. 40 टक्क्यांखाली असूनही लिहिण्याची अडचण आहे, अशांसाठी 2022 मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या होत्या, त्याही वैद्यकीय प्रमाणपत्रावर.

निवड झाल्यावर "दिव्यांग आहे म्हणून नको" असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागा. सरकारी आस्थापनेत आधी तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, किंवा आस्थापना खाजगी असेल, तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार पाठवा. सोबत यूडीआयडीची झेरॉक्स, जाहिरातीची प्रत आणि त्या पोचेची प्रत जोडा.