वाचून बघ, असं सांगणारी माणसं: श्रद्धेच्या आणि उभारी देणाऱ्या पुस्तकांच्या शिफारशीचा इतिहास

कादंबरी सुचवताना ‘छान आहे, वाच’ एवढं पुरतं. धर्मग्रंथ, संतचरित्र किंवा खचलेल्या माणसाला उभारी देणारं पुस्तक सुचवताना तेवढ्यावर भागत नाही. तिथे सांगणाऱ्याला स्वतःविषयी थोडं तरी बोलावं लागतं. कोणत्या दिवसांत ते हाती आलं, त्यातलं काय मनाला लागलं, काय अजून पटलेलं नाही, हे सांगावं लागतं. एका अर्थी तो त्या पुस्तकाला जामीन राहतो. शिवाय समोरच्याला ते आत्ता हवं आहे का, झेपेल का, याचाही अंदाज घ्यावा लागतो. या दोन्ही गोष्टी छापखान्याहून कितीतरी जुन्या आहेत आणि पुस्तकं लाखांनी छापली जाऊ लागल्यावरही त्यांना पर्याय सापडलेला नाही.

सगळ्यात जुनी शिफारस ग्रंथाच्या पोटातच असते. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी फलश्रुती येते: जो हे वाचेल, ऐकेल, दुसऱ्याला ऐकवेल, त्याला अमुक लाभ. गीतेच्या अठराव्या अध्यायाचा शेवट मात्र याहून बारकाईने वाचण्यासारखा आहे. आधी बजावलं आहे की ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, ज्याला ऐकायचीच इच्छा नाही आणि जो निंदा करतो, त्याला हे सांगू नकोस. त्यानंतर लगेच म्हटलं आहे की भक्तांना हे सांगणाऱ्याइतकं प्रिय मला कोणी नाही. कोणाला सांगावं आणि कोणाला सांगू नये, हे दोन्ही शेजारी शेजारी. माझ्या मते आजही कोणाच्या हातात श्रद्धेचं पुस्तक ठेवण्याआधी हे श्लोक डोळ्यांखालून घालावेत.

बौद्ध वज्रच्छेदिका सूत्रात तर चार ओळींची एक गाथा दुसऱ्याला समजावून सांगण्याचं पुण्य सात रत्नांनी भरलेली जगं दान करण्यापेक्षा मोठं म्हटलं आहे. या सूत्राची चीनमधल्या दुन्हुआंगच्या गुहांत सापडलेली गुंडाळी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लाकडी ठशांनी छापलेली ही गुंडाळी पाच मीटरच्या आसपास लांब आहे आणि तिच्या शेवटी तारीख आहे, जी इसवी सन ८६८ मधली निघते. तारखेबरोबर तिथे नोंदही आहे: वांग जिए नावाच्या माणसाने आईवडिलांप्रीत्यर्थ, सर्वांना मोफत वाटण्यासाठी हे आदरपूर्वक करवून घेतलं. तारीख असलेलं जगातलं सर्वांत जुनं संपूर्ण छापील पुस्तक हे असं वाटण्यासाठीच छापलेलं आहे.

मराठीत नामदेवांनी ज्ञानेश्वरीची शिफारस केली ती ‘एक तरी ओवी अनुभवावी’ अशी. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ, आणि मागणी एका ओवीची. ज्याने ग्रंथ आतून जगला आहे तोच इतकं थोडं मागू शकतो. उत्साहाच्या भरात आपण समोरच्यापुढे चार खंड ठेवतो आणि तो पहिलाही उघडत नाही.

एका माणसाने दुसऱ्याला पुस्तकाकडे नेण्याचं सर्वांत तपशीलवार जुनं वर्णन पुढे ख्रिस्ती संत म्हणून नावाजलेल्या ऑगस्टीनने लिहून ठेवलं आहे. साल ३८६, शहर मिलान. ऑगस्टीन आणि त्याचा मित्र अलिपियस यांच्याकडे पोंतिकियानुस नावाचा दरबारातला अधिकारी येतो. समोरच्या खेळाच्या पटावर एक पुस्तक पडलेलं असतं. ऑगस्टीन वक्तृत्व शिकवायचा, तेव्हा त्याच विषयाचं असेल म्हणून पाहुणा ते उचलतो, तर निघतात बायबलमधली संत पॉलची पत्रं. पाहुणा स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्याला आनंद होतो आणि गप्पा इजिप्तमधल्या अँटनी या तपस्व्याकडे वळतात. ऑगस्टीनने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. मग पाहुणा ट्रिअर शहरातली हकिकत सांगतो: त्याचे दोन सहकारी फिरत फिरत एका झोपडीत शिरले, तिथे त्यांना अँटनीचं चरित्र मिळालं आणि ते वाचता वाचताच एकाने सम्राटाची नोकरी सोडायचं ठरवलं. दुसराही त्याच्याबरोबर राहिला.

पोंतिकियानुसने ‘हे वाच’ असं सांगितलं नाही. वाचून कोणाचं काय झालं, एवढंच सांगितलं. तो गेल्यावर ऑगस्टीनची तगमग इतकी वाढते की तो बागेत जातो, आणि तिथे ‘घे, वाच’ असा लहान मुलाचा आवाज त्याला ऐकू येतो. तो पॉलची पत्रं उघडतो, नजर पडेल ते वाक्य वाचतो आणि थांबतो. पुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बोट की दुसरी काही खूण, ते त्याला लिहिताना आठवत नाही, पण पानावर खूण ठेवून तो पुस्तक मिटतो आणि अलिपियसला झालेलं सांगतो. अलिपियस म्हणतो, दाखव कुठे वाचलंस. आणि तो त्याच्या पुढची ओळ वाचतो, जी श्रद्धेत दुबळा असलेल्याला सांभाळून घेण्याविषयी आहे. ही माझ्यासाठी आहे, असं तो म्हणतो. पुस्तक एक, पान एक, पण मित्राला लागू पडलेली ओळ वेगळी. सुचवणाऱ्याला जे भिडलं तेच दुसऱ्यालाही भिडावं, हा आग्रह इथे कुठेच नाही.

ऑगस्टीनने ही कहाणी ज्या आत्मकथनात लिहिली, ते पुढे स्वतःच हातोहात फिरू लागलं. दिओनिजी नावाच्या ऑगस्टीनपंथी साधूने त्याची एक लहानशी प्रत इटालियन कवी पेत्रार्काला दिली. १३३६ मध्ये पेत्रार्का फ्रान्समधल्या व्हाँतू पर्वतावर चढला तेव्हा ती त्याच्याजवळ होती आणि शिखरावर त्याने ती उघडली. आयुष्याच्या अखेरीस, वापरून जीर्ण झालेली तीच प्रत त्याने लुइजी मार्सिली या तरुण साधूला देऊन टाकली. स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसा या ख्रिस्ती संत स्त्रीच्या हाती हे आत्मकथन १५५४ मध्ये आलं आणि बागेतल्या त्या आवाजाच्या प्रसंगाशी पोचल्यावर तो आवाज आपल्यालाच ऐकू आल्यासारखं तिला वाटलं. पाचच वर्षांनी, १५५९ मध्ये, स्पेनच्या धर्मन्यायालयाने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. लोकभाषेतली अनेक भक्तिपर पुस्तकं तीत गेली. आपल्याला याचं फार दुःख झालं, असं तेरेसाने लिहिलं आहे. लॅटिन न येणाऱ्या स्त्रियांचा तर आधारच तुटला. काय वाचावं याच्या याद्यांइतकाच काय वाचू नये याच्या याद्यांचाही या इतिहासात वाटा आहे.

इस्लामी विद्यापरंपरेत जामीन राहण्याची ही कल्पना रीतसर लेखी झाली. ग्रंथ गुरूसमोर वाचायचा आणि मग पुढे शिकवण्याची परवानगी, म्हणजे इजाजा, घ्यायची. कोणी कोणाकडून वाचलं याची साखळी त्यामुळे नावानिशी टिकली.

इंग्लंडमधली एक साखळी तर अशी आहे की तिचा एकेक दुवा तपासून पाहता येतो. सतराव्या शतकात एक गरीब फेरीवाला एका घराच्या दारात आला. गाठोड्यात काही चांगली पुस्तकं होती. घरमालकाने त्याच्याकडून रिचर्ड सिब्स या धर्मोपदेशकाचं एक पुस्तक विकत घेतलं आणि घरातला किशोरवयीन मुलगा, रिचर्ड बॅक्स्टर, ते वाचून पालटला. बॅक्स्टर पुढे मोठा धर्मोपदेशक झाला. त्याच्या लेखनाचा गाढा प्रभाव फिलिप डॉड्रिजवर पडला. डॉड्रिजने १७४५ मध्ये आत्मिक प्रगतीवर एक पुस्तक लिहिलं, तेही स्तोत्रकार आयझॅक वॉट्सने सुचवलं म्हणून. चाळीस वर्षांनी विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार युरोपच्या प्रवासात असताना ते त्याला सहज दिसलं. सोबत केंब्रिजचा विद्वान आयझॅक मिल्नर होता. हे कसं आहे, असं विचारल्यावर मिल्नरने दोन गोष्टी सांगितल्या: आजवर लिहिल्या गेलेल्या उत्तम पुस्तकांपैकी हे एक आहे, आणि आपण ते बरोबर घेऊ, वाटेत वाचू. १७८५ च्या हिवाळ्यात परतीच्या लांबलचक प्रवासात दोघांनी ते मिळून वाचलं, त्यावर वाद घातला. त्यानंतरच्या वर्षभरात विल्बरफोर्सचं आयुष्य बदललं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने संसदेत चालवलेल्या लढ्याला १८०७ मध्ये कायद्याचं यश आलं. १७९७ मध्ये त्याने स्वतः लिहिलेल्या पुस्तकाने ली रिचमंड या धर्मोपदेशकाला जागं केलं आणि रिचमंडने एका गवळ्याच्या मुलीच्या श्रद्धेची जी साधी कहाणी लिहिली ती अनेक भाषांत पोचली.

याच बॅक्स्टरने पुस्तक निवडताना विचारायचे काही प्रश्न लिहून ठेवले आहेत. हा वेळ याहून चांगल्या कामी लावता येईल का? मला अधिक उपयोगी पडेल असं दुसरं पुस्तक आहे का? तिसरा सगळ्यात मार्मिक आहे: हे पुस्तक ज्यांना फार आवडतं, ती माणसं स्वतः कशी आहेत? शिफारशीची इतकी नेमकी पारख मला दुसरीकडे आढळलेली नाही. मुखपृष्ठावर कोणाची स्तुती छापली आहे हे त्यापुढे गौण ठरतं.

अठराव्या शतकापासून काम संस्थांच्या हाती गेलं. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७४९ ते १७५५ या काळात जुनी भक्तिपर पुस्तकं संक्षिप्त करून ५० खंडांची माला काढली. १७९९ मध्ये लंडनला धार्मिक पुस्तिका (ट्रॅक्ट) छापणारी रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी निघाली, १८२५ मध्ये अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी. पुस्तिका लाखांनी छापल्या जाऊ लागल्या. पण पुस्तिका कोणाच्याही हातात पडली म्हणजे वाचली जातेच असं नाही. म्हणून अमेरिकन संस्थेने १८४० च्या दशकात घरोघर जाणारे विक्रेते नेमले. ते पुस्तकं विकत, पैसे नसतील तिथे तशीच देत, आणि घरात बसून बोलत. छपाईचा वेग वाढल्यावरही शेवटी दारात माणूसच उभा करावा लागला.

धर्माबाहेरच्या प्रेरणादायी पुस्तकांचा उगमही असाच आहे. सॅम्युअल स्माइल्सचं १८५९ चं स्वावलंबनावरचं पुस्तक मुळात लीड्समधल्या तरुण कामगारांसमोर दिलेल्या भाषणांतून वाढलं. ही मुलं आपणहून एकत्र येऊन संध्याकाळी एकमेकांना शिकवत होती. नाकामुरा मासानाओ हा जपानी विद्वान १८६८ मध्ये इंग्लंडहून परत निघाला तेव्हा एका इंग्रज मित्राने त्याला हे पुस्तक भेट दिलं. बोटीवर त्याने ते वाचून काढलं आणि १८७०-७१ मध्ये त्याचं जपानी भाषांतर बाहेर पडलं. जपानमधल्या मेजी काळातल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

गांधीजींच्या आयुष्यात अशा दोन शिफारशी आहेत. १९०४ मध्ये ते जोहान्सबर्गहून दरबानला निघाले असताना त्यांचे मित्र हेन्री पोलक यांनी स्टेशनवर त्यांच्या हातात रस्किन या इंग्रज लेखकाचं पुस्तक ठेवलं. गाडीत ते खाली ठेववेना, रात्री झोप आली नाही, आणि त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली. त्याआधी, १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये, थिऑसॉफी या सर्व धर्मांतलं समान सत्य शोधू पाहणाऱ्या चळवळीतल्या दोन भावांनी त्यांना गीता आपल्याबरोबर वाचायला बोलावलं होतं. ते भाऊ एडविन अर्नोल्डचं इंग्रजी भाषांतर वाचत होते आणि मूळ ग्रंथासाठी त्यांना सोबत हवी होती. आपण गीता संस्कृतात तर नाहीच, गुजरातीतही वाचलेली नाही, याची तरुण गांधींना शरम वाटली. शिकवायचा आव न आणता ‘आमच्याबरोबर वाचाल का’ असं विचारण्याची ही रीत मला सगळ्यांत सुंदर वाटते. पुढे १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’च्या शेवटी गांधीजींनी स्वतः वीस पुस्तकांची यादी दिली. टॉल्स्टॉय, थोरो, रस्किन, प्लेटो आणि दादाभाई नौरोजी तीत एका रांगेत आहेत.

दुसऱ्या धर्माचं पुस्तक जवळ बाळगावं, किंवा परधर्मीयाने आपल्याला आपल्याच धर्माचं पुस्तक सुचवावं, असंही घडलं आहे. स्वामी विवेकानंद परिव्राजक म्हणून हिंडत तेव्हा त्यांच्यापाशी गीतेबरोबर टॉमस आ केम्पिस या मध्ययुगीन ख्रिस्ती साधूचं ‘ख्रिस्तानुकरण’ असे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॉमस मर्टन नावाचा विद्यार्थी पौर्वात्य गूढवादावरची पुस्तकं धुंडाळत असताना त्याची गाठ महानामव्रत ब्रह्मचारी या बंगाली वैष्णव संन्याशाशी पडली. त्यांनी त्याला आपल्या पंथाचं काही दिलं नाही. ख्रिस्ती लोकांनीही फार सुंदर गूढानुभवाचे ग्रंथ लिहिले आहेत, तू ऑगस्टीनचं आत्मकथन आणि ‘ख्रिस्तानुकरण’ वाच, असं सांगितलं, आणि पुन्हा एकदा जोर देऊन सांगितलं. इतका आग्रह ते क्वचित धरत, असं मर्टनने नोंदलं आहे. १९४१ मध्ये तो ट्रॅपिस्ट या कडक नियमांच्या कॅथलिक साधूंच्या मठात दाखल झाला.

त्याच दशकात अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावरही करून पाहिलं गेलं. ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या राष्ट्रीय परिषदेने १९४३ पासून काही वर्षं धार्मिक पुस्तक सप्ताह भरवला आणि त्यासाठी चार याद्या काढल्या: प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू आणि चौथी सर्वधर्मीय सद्भावनेची. युद्धाच्या दिवसांत शेजाऱ्याचा धर्म त्याच्याच पुस्तकांतून समजून घ्यावा, हा त्यामागचा हेतू होता. याद्या ग्रंथालयांत लागल्या आणि निवड करायला त्या त्या धर्माचे जाणकार बसले, हे मला त्यात विशेष वाटतं.

पुढे बाजार वाढला. १९८४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सल्ला देणाऱ्या पुस्तकांसाठी खपाची वेगळी यादी सुरू करावी लागली, कारण ती इतर पुस्तकांना यादीतून बाहेर ढकलत होती. पण खपाची यादी एवढंच सांगते की किती जणांनी घेतलं. कोणी, कोणत्या अडचणीत घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं का, हे तिच्यात नसतं. २००८ मध्ये अमेरिकन टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी एक आध्यात्मिक पुस्तक सुचवलं तेव्हा त्या नुसतं नाव सांगून थांबल्या नाहीत. दर आठवड्याला एक अध्याय, असे दहा आठवडे लेखकाला शेजारी बसवून त्यांनी ते इंटरनेटवर सगळ्यांबरोबर वाचलं, आणि देशोदेशीच्या वाचकांनी आपापल्या ठिकाणाहून त्यांना प्रश्न विचारले.