ऑटोफोकस फाइन-ट्यूनिंग

डिजिटल एसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा आणि एखादी लेन्स यांच्या जोडीत फोकस विषयाच्या दरवेळी थोडा पुढे किंवा मागे पडत असेल, तर तो फरक मेनूतून भरून काढण्याची ही पद्धत. पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला, पडला तर ‘फ्रंट फोकस’, विषयाच्या मागे पडला तर ‘बॅक फोकस’. एसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाच्या पेटीच्या तळाशी, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून वेगळा असतो. दोन्हींपर्यंतचे प्रकाशाचे अंतर तंतोतंत सारखे नसले की चूक कायमची बसते. कॅननच्या १डी मार्क ३ मध्ये आणि निकॉनच्या डी३ व डी३०० मध्ये २००७ साली ही सोय आली. त्यांत दुरुस्ती उणे २० ते अधिक २० अशा पायऱ्यांत करता येते. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले, कॅमेरे चित्राच्याच सेन्सरवर फोकस मोजतात, म्हणून तिथे हिची गरज क्वचितच पडते.

कोकण किनाऱ्यावर मात्र फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, येण्याचे कारण बहुधा वेगळेच असते आणि मेनूत हात घालण्याआधी ते शोधणे फार महत्त्वाचे आहे. हर्णैच्या पुळणीवरून भर दुपारी सुवर्णदुर्गाचा तट टेलिफोटो (दूरचे मोठे दाखवणाऱ्या) लेन्सने टिपला, तर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि दगडांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. यावर कोणतीही दुरुस्ती चालत नाही. सकाळी लवकर जावे, शक्य तितके जवळून टिपावे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होडीत कॅमेरा सतत हलतो, तिथे शटरचा वेग वाढवावा. उडणारे कुरव किंवा समुद्री गरुड टिपताना तो १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद हवा, फोकस सलग मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर हवा. नाहीतर तो पक्षी सोडून मागच्या लाटांवर जाऊन बसतो. खाऱ्या तुषारांचा पातळ थर पुढच्या काचेवर बसला की कॉन्ट्रास्ट घटतो आणि फोकस चाचपडत राहतो. काच आधी ब्लोअरने झाडावी, मग ओलसर कापडाने टिपावी. मिठाचे कण कोरडे घासले तर काचेवर ओरखडे पडतात. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेल्या लेन्सवर बाष्प धरते, म्हणून ती काही वेळ बंद बॅगेतच ठेवावी.

एवढे करूनही चूक एकाच दिशेने राहिली, तरच चाचणी घ्यावी, तीही घरात किंवा सावलीतल्या पडवीत. भिंतीवर सपाट चिकटवलेले वर्तमानपत्र लक्ष्य म्हणून पुरते. कॅमेरा ट्रायपॉडवर, त्याच्या समोर अगदी सरळ. अंतर लेन्सच्या फोकल लांबीच्या (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) २५ ते ५० पट. अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे लेन्सचे छिद्र) पूर्ण उघडे, हलणे भरून काढणारे स्थिरीकरण बंद, शटर टायमरवर. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घ्यावा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहत चित्राच्याच सेन्सरने फोकस करून, टिपलेल्या फोटोशी तुलना करावी. एका फोटोवरून निर्णय घेऊ नये, कारण ऑटोफोकस स्वतःच दरवेळी किंचित इकडेतिकडे होतो.

झूम लेन्समध्ये दोन टोकांना वेगळी दुरुस्ती लागू शकते. काही कॅमेरे दोन्ही आकडे साठवतात, बाकीच्यांत जास्त वापराच्या टोकाला प्राधान्य द्यावे. दुरुस्ती कॅमेऱ्यात नोंदली जाते, लेन्समध्ये नाही, त्यामुळे कॅमेरा बदलला की चाचणी नव्याने करावी लागते.