नामिबच्या वाळूतली वस्ती: भुंगेरे, धुके आणि वर्षानुवर्षांची मोजणी

पहाटे समुद्राकडून धुके आत सरकले की नामिब वाळवंटातला एक काळा भुंगेरा वाळूतून वर येतो. एरवी हा दिवसा वावरणारा किडा, गारठ्यात आणि अंधारात बाहेर पडणारा नव्हे. पण धुक्याच्या दिवशी तो आखडलेल्या पायांनी टेकडीचा माथा गाठतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि डोके खाली, पार्श्वभाग वर अशा पवित्र्यात थांबतो. पाठीवर धुक्याचे कण बसतात, त्यांचे थेंब होतात आणि ते घरंगळत थेट तोंडाशी येतात. ओनिमाक्रिस अंग्विक्युलॅरिस हे त्याचे शास्त्रीय नाव. एका धुक्यात तो स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत पाणी पिऊ शकतो.

या भुंगेऱ्याचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. फोटोत तो बहुतेक वेळा एकटा असतो. मला लिहायचे आहे ते त्याच्या शेजाऱ्यांबद्दल, आणि वरवर ओस दिसणाऱ्या त्या वाळूत एवढी दाट वस्ती आहे हे माणसाला कसे कळत गेले त्याबद्दल.

आपल्याकडे नामिबिया हे नाव घरोघरी पोचले ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी, कुनोत आठ चित्ते उतरले तेव्हा. चित्ते राहतात ते गवताळ-झुडपी भागात. हे वाळवंट त्याच देशाच्या पश्चिम कडेने, अटलांटिकच्या काठाने पसरले आहे. किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यामुळे पाऊस जवळजवळ पडत नाही, पण धुके मात्र आत येते. वाळू आली ती दक्षिणेच्या ऑरेंज नदीने समुद्रात आणून टाकलेल्या गाळातून. लाटांनी तो गाळ उत्तरेकडे सारला, वाऱ्याने आत उडवला. हा प्रवास दहा लाख वर्षांहून जास्त काळ चालू आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने या वाळूसागराला जागतिक वारशात घेतले.

या वाळूसागराला उत्तरेकडे अडवते ती कुइसेब नदी. वर्षातला बराच काळ कोरडी असते, पण अधूनमधून पूर येतो आणि पुढे सरकलेली वाळू धुऊन नेतो. नदीच्या एका काठाला लाल टेकड्या, दुसऱ्या काठाला खडीचे सपाट माळ. या सांध्यावरच्या जागेला तिथल्या टोपनार लोकांच्या नामा भाषेत गोबाबेब म्हणतात, म्हणजे अंजिराची जागा. वर्षाला सरासरी २५ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे आषाढातली एखादी जोरदार सर तेवढी पडून जाते.

ही जागा हेरली चार्ल्स कोख या ऑस्ट्रियन कीटकतज्ज्ञाने. प्रिटोरियाच्या ट्रान्सवाल संग्रहालयात काम करणारे कोख टेनेब्रिऑनिडी कुळातल्या, म्हणजे बहुतांशी काळ्या भुंगेऱ्यांच्या मागे आयुष्यभर लागलेले. नामिबात या कुळाच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कोख यांच्या प्रयत्नांतून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गोबाबेबला संशोधन केंद्र उभे राहिले. तेव्हा हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. नामिबिया स्वतंत्र झाला १९९० मध्ये.

कोख यांना एक कोडे पडले होते. ज्या टेकड्यांवर झाड नाही, झुडूप नाही, त्यांच्या वाळूत मूठ घातली तर भुंगेरे निघतात. ते खातात काय? १९६१ मध्ये त्यांनी या उघड्या वाळूतल्या मुबलक जीवनावर लेख लिहिला, आणि त्यांनी बोट ठेवले ते वाऱ्यावर. पाऊस झाला की सखल भागात आणि माळावर गवत उगवते आणि सुकते. वारा ते मोडतो, काड्या, कुसळे, बिया आणि मेलेले किडे उचलतो आणि टेकडीच्या आडोशाच्या बाजूला, जिथे वाळू सरकन घसरते, तिथे नेऊन टाकतो. घसरणीच्या पायथ्याशी या भुसकटाची ओळ साचते. सगळी पंगत या ओळीवर बसते. भुंगेरे आणि कसर भुसकट खातात, त्यांना कोळी, विंचू आणि सरडे खातात, आणि रात्री वाळूत पोहल्यासारखी फिरणारी आंधळी सोनेरी चिचुंद्रीही तिथेच शिकारीला येते. म्हणजे आज वाळूत पळणारा भुंगेरा कधीकाळी कुठेतरी पडलेल्या पावसावर जगत असतो. मला या साऱ्या इतिहासातला हाच शोध सर्वात मोठा वाटतो, धुके पिण्यापेक्षाही मोठा.

१९७० मध्ये कोख वारले. केंद्राची धुरा आली मेरी सीली या अमेरिकेतून आलेल्या तरुण शास्त्रज्ञ बाईंकडे, आणि त्यांनी ती पुढे कित्येक दशके सांभाळली. धुक्याची गोष्ट त्यांच्या काळातली. १९७६ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि सीली यांनी डोके खाली करून धुके पिणाऱ्या भुंगेऱ्याची नोंद जगापुढे मांडली. त्याच वर्षी त्यांनी दुसरीही नोंद केली, आणि तिची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. लेपिडोकोरा नावाचे चपटे, बटणासारखे गोल भुंगेरे धुक्याच्या वेळी वाळूत लांबच लांब चर ओढतात. चर वाऱ्याला आडवा आणि कडेला वाळूचे उंचवटे. सपाट वाळूपेक्षा या उंचवट्यांवर धुक्याची ओल जास्त धरते. मग भुंगेरा आल्या वाटेने परत फिरतो आणि भिजलेल्या कडेतली ओल शोषून घेतो. पाणी धरायला बांध घालणारा शेतकरी आणि हा किडा, दोघांचे गणित एकच.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. २००१ मध्ये एका गाजलेल्या लेखात म्हटले गेले की नामिबच्या भुंगेऱ्याच्या पाठीवरचे उंचवटे पाणी ओढतात, मधले मेणचट खळगे ते लोटतात, आणि त्यामुळे धुके गोळा होते. त्यावरून जगभर पाणी धरणारे कापड आणि पत्रे करायचे प्रयोग झाले. कल्पना छान होती, पण तिथे नाव घेतलेला स्टेनोकारा भुंगेरा धुक्यात उभाच राहत नाही. २०१० मध्ये चार जातींचे भुंगेरे तपासले गेले तेव्हा डोके खाली करून धुके पिताना आढळला तो फक्त ओनिमाक्रिस अंग्विक्युलॅरिस, आणि त्याची पाठ बऱ्यापैकी गुळगुळीत असते. त्याचे यश आहे ते ठरल्या वेळी माथ्यावर जाऊन नेमक्या कोनात उभे राहण्यात. टेकडीवर बसून त्याच्याकडे पाहणाऱ्यांना हे आधीच ठाऊक होते, पण त्यांचे म्हणणे मागे पडले आणि चुकीची गोष्ट अजून फिरतेच आहे.

उन्हाशीही प्रत्येकाचा वेगळा करार आहे. दुपारी वाळू ६० अंशांच्या वर तापते, पण हातभर खाली गारवा टिकून असतो, म्हणून बहुतेकांनी वर-खाली ये-जा करण्याचा मार्ग धरला आहे. ओनिमाक्रिस प्लाना लांब पायांवर सेकंदाला जवळजवळ एक मीटर धावतो. टेकडीवरच्या टणक गवतावर खवले किडे रस शोषतात आणि त्यांनी टाकलेल्या गोड चिकट्यावर कॅम्पोनोटस डेट्रिटस या मोठ्या मुंग्या जगतात. एक कोळी आहे, कार्पॅरॅक्नी. गांधीलमाशीने वाळू उकरून त्याचे बीळ गाठले की तो उतारावर पाय आवळून चाकासारखा गडगडत सुटतो, सेकंदाला चाळीसहून जास्त गिरक्या घेत.

पण कोण किती आहे हे ठरवायचे कसे? पद्धत साधी आहे. जमिनीत डबा असा पुरायचा की त्याची कड जमिनीला समतल राहील. चालता चालता किडा आत पडतो, ठरल्या दिवशी डबे तपासायचे आणि मोजून लिहून ठेवायचे. यात एक खोट आहे: जो जास्त हिंडतो तो जास्त सापडतो, बसून राहणारा सापडत नाही. वाळूवर तर डबा वाऱ्याने भरूनही जातो. यावर तोड एकच, तीच जागा, तेच डबे आणि खूप वर्षे.

गोबाबेबला ते झाले. नदीपलीकडच्या खडीच्या माळावर ४५ वर्षे सलग डबे ठेवले गेले आणि २६ जातींच्या भुंगेऱ्यांचा हिशेब २०२१ मध्ये योह हेन्शेल यांनी मांडला. वाळवंटाबद्दलचा जुना समज असा, की पाऊस आला की सगळे वाढतात आणि गेला की सगळे घटतात. हिशेबात मात्र सहा तऱ्हा निघाल्या. पाच जाती उन्हाळी पावसानंतर वाढतात आणि भुसकट संपत जाईल तशा कमी होतात. तीन जातींची एकदम झुंबड उडते आणि वर्षभरात ती ओसरते. आठ जाती ओळीने काही वर्षे भरपूर पाऊस झाल्यावर हळूहळू चढतात आणि पुढची दहा वर्षे उतरत राहतात. दोन जाती हिवाळी पावसावर चालतात. सात जाती मोठ्या पावसानंतर अवचित दुसरीकडून येतात. आणि एक जात कोरड्या वर्षांत वाढते, ओल्या वर्षांत घटते. डब्यात पडणाऱ्या दर हजार भुंगेऱ्यांत ती जेमतेम चार असते, म्हणजे पाच-दहा वर्षांच्या मोजणीत तिची तऱ्हा कुणाच्या लक्षातही आली नसती.